म्हातारीचा पंप

प्रिय चिमणे,

हवाई दलात मोठी साहेब झालीस म्हणून मी मायना बदलणार नाही. फोनवर माझा आवाज चढतो आणि तू "दादा, जरा दमानं" म्हणत विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसलो. आई बरी आहे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला माझ्या शर्टावरचे तेलाचे डाग नव्याने दिसू लागलेत, रोज खरडपट्टी काढते.

आमच्या हँगरच्या कोपऱ्यात एक विमान उभं आहे, आम्ही त्याला म्हातारी म्हणतो. ती काही म्हातारी नव्हती गं. एका रबरी सीलसाठी थांबली होती, ते आलं की उडाली असती. पण भांडारात सुट्या भागांचा खडखडाट, म्हणून साहेबांनी फर्मावलं, तिचं काढा आणि दुसऱ्याला लावा. आधी चाकं खाली-वर करणारा पंप गेला, मग चाकं, मग कॉकपिटमधले काटे. सील आलं तेव्हा ते बसवायला जागाच उरली नव्हती. साहेब याला काटकसर म्हणतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

अडल्यानडल्याला एखादा भाग काढावा, माझी ना नाही. पण तोच पंप आज या विमानात, उद्या त्या. दर वेळी नट सोडायचे, पुन्हा आवळायचे. आटे टिकणार कसे? गेल्या महिन्यात तो पंप हवेतच गळला आणि चाकं उतरेनात. चालवणारी पोरगी तुझ्यापेक्षा लहान. शेवटी अडचणीसाठी ठेवलेला हातपंप मारून मारून तिने चाकं खाली घेतली. उतरल्यावर तिने माझे आभार मानले. माझे! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांकडे गेलो, तर म्हणाले, "उतरली ना? मग झालं."

आता दोन दिवसांची तपासणी आहे आणि तिची रंगीत तालीम चालली आहे. पहिल्या दिवशी बघून झालेल्या विमानांचे पंप काढायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानांत बसवायचे. काम माझ्यावर सोपवलंय, हात सफाईदार आहे म्हणे.

तपासायला तू येणार, हे आज कळलं. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, म्हणाले, "बहीणच आहे तुझी, सांभाळून घेईल." चिमणे, सांभाळून घेऊ नकोस. पहिल्याच दिवशी सगळ्या विमानांची पंपावरची झाकणं एकदम उघडायला लाव. पंप कोणी फिरवले विचारशील तेव्हा मीच पुढे येईन. माझंही नाव लिही, हात आखडू नकोस. आईला मी सांगून ठेवलंय.

तुझाच,
दादा