खाच डावीकडे

प्रिय धाकटे,

प्रिय लिहिलंय ते सवयीने. आज तू मला मुळीच प्रिय वाटत नाहीस. फोन केला असता तर तू मीटिंग आहे म्हणून सटकली असतीस, आणि प्रयोगशाळेत समोर आलीस की हल्ली तुझं लक्ष तुझ्या चपलांकडे असतं. म्हणून हे पत्र.

आई बरी आहे. पायाचं प्लास्टर निघून दीड वर्ष झालं तरी काठी सुटलेली नाही. ती टेकत खिडकीपर्यंत जाते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून तुझं कौतुक ऐकवते. डोळ्याचे धागे मेंदूत कुठे जातात ते माझ्या धाकटीने शोधलं, एवढंच तिला कळलंय. काल शेजारणीने विचारलं की मोठी तिथे काय करते, तर म्हणाली, ती मदतीला असते. मी भांडी घासत होते. एक बशी फुटली.

मदतीला. पंधरा वर्षं मी उंदराच्या पिल्लांचे मेंदू कागदाहून पातळ कापतेय, डोळ्यांत तेल घालून. आणि तुझ्या कामावर माझा जीवही होता, हे तुला माहीत आहे. तू पहिल्यांदा मला सूक्ष्मदर्शकातून दाखवलंस तो दिवस आठव. डोळ्यातून निघालेला एकेक कोवळा धागा, टोकाशी पंजा पसरलेला, चाचपडत पुढे निघालेला. पुढे दोन्ही डोळ्यांचे धागे एका फाट्याशी भेटतात. तिथून बहुतेक पलीकडच्या बाजूला जातात, थोडेसे मात्र वळून आपल्याच बाजूला राहतात. त्यांना वाट कोण दाखवतं, असं मी विचारलं. तू म्हणालीस, वाटेवरच्या पेशी रसायनांनी सांगतात, इकडे ये, इकडे नको. त्या दिवशी माझा डबा तसाच राहिला होता.

खाच मारायला तुला मीच शिकवलं. काप काचेवर उलटा पडला की डावं कुठलं, उजवं कुठलं, ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. म्हणून कापण्याआधी मेंदूच्या डाव्या बाजूला ब्लेडने बारीक खाच. रंग आपण डाव्या डोळ्यात घालतो. तो खाचेच्या समोरच्या बाजूला दिसला तर धागे पलीकडे गेले, खाचेच्याच बाजूला दिसला तर नाही गेले. तू डावखुरी. ब्लेड डाव्या हातात घेतलंस की मेंदू उलटा धरतेस, म्हणून तुझ्या टेबलावर मी चिठ्ठी चिकटवली होती. लहानपणी आई तुझा चमचा उजव्या हातात कोंबायची तेव्हा तुझ्या बाजूने भांडणारीही मीच.

आई पडली तेव्हा मी चार दिवस रजेवर होते. तू आली नाहीस. पिल्लांवरच्या प्रयोगाचा ठरलेला दिवस चुकेल, म्हणालीस. मला ते पटलं आणि आईलाही मीच पटवलं. त्या चार दिवसांत, वाट दाखवणारं रसायन काढून टाकलेल्या पिल्लांचा गट तू एकटीने हाताळलास. खाचा मारून मेंदू मेणात बसवून ठेवलेस. मी परत आल्यावर ते फक्त कापले. रंग खाचेच्याच बाजूला दिसला. तू उडी मारलीस, मी चहा केला. रसायन नसेल तर धागे फाटा ओलांडतच नाहीत, असा तुझा शोधनिबंध छापून आला, तुझा फोटो भिंतीवर लागला.

मग दुसऱ्या प्रयोगशाळेने तोच प्रयोग केला आणि त्यांचे धागे बिनबोभाट पलीकडे गेले. आपल्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी सोमवारी बैठक घेतली. खाचा उलट्या पडल्या असतील का, असं त्यांनी विचारलं. मी काचांचा खोका घेऊन दारातच उभी होते. तू म्हणालीस, कापकाम ताईकडे असतं.

खोटं काहीच बोलली नाहीस. कापकाम माझ्याकडेच असतं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या आणि तू वहीत काहीतरी लिहायला लागलीस. चूक झाली याचा मला राग नाही गं. चुका माझ्याही हातून झाल्यात, एकदा तर अख्खा गट वाळवून टाकला होता. राग त्या वाक्याचा आहे. ते तू इतकं सहज बोललीस की पाठ करून आली होतीस का असं वाटलं. आणि मी खोका टेबलावर ठेवून निघून आले, कारण तू संध्याकाळी येशील, दारात रडशील, उद्या सांगते म्हणशील, अशी माझी खात्री होती. आज गुरुवार आहे.

आता हे का लिहितेय ते सांगते. साहेबांनी मला एक कागद दिलाय. खाचांची चूक माझी, असं त्यात लिहिलंय. सही केली तर माझी बदली काचा धुण्याच्या खोलीत. मी सही करणार नाही. तुझ्या त्या गटातले तीन न कापलेले मेंदू अजून बरणीत आहेत. अख्ख्या मेंदूचं डावं-उजवं कुणालाही कळतं. तिन्हींवर खाच उजवीकडे आहे. ती बरणी आणि माझ्या रजेचा अर्ज घेऊन मी उद्या अकरा वाजता साहेबांकडे जाणार आहे. साडेदहाला त्यांच्याकडे कोणी नसतं, मी विचारून घेतलंय. ती वेळ मी तुझ्या नावाने मागून ठेवली आहे.

तरीही तुझीच,
ताई