रजा रद्द झाली ते वर्ष

अकोला, ८ जून २०२५

ती. माधवीआत्यास नितेशचा शि. सा. न.

आकांक्षाची आजी तुझ्या कादंबरीचं शेवटचं पान ऐकता ऐकता उठून गेली, त्याच घडीला माझं सगळं फिरलं.

पंचवीस वर्षं तू लढाईच्या काळातल्या बायांवर लिहून राहिली, म्हणूनच मी तुले या पार्वताआजीकडे नेलं. एकाहत्तरच्या लढाईत फौजी नवऱ्याची रजा रद्द झाली, पट्ट्याचा मार थांबला, तेच आपले सुखाचे महिने, हे तिनं पोटच्या पोराले नाही सांगितलं, तुले सांगितलं. तो जिवंत परतला तेव्हा ती भीतीनं रडली. पुस्तकात तू त्या आसवांचे आनंदाश्रू केले! आकांक्षा म्हणते, आजीले खोटं पाडलं, आता इकडं फिरकू नको. आकांक्षापायीच कॉलेज अर्धवट सोडून मी इथं दुकानावर बसलो. काहून केलं तू असं?

लोभ ठेवायचा की नाही, तूच सांग.

नितेश

अमरावती, १२ जून

चि. नितेशला अ. उ. आ.

कॉलेज सोडलंस तसं डोकंही बडनेऱ्याला गाडीतच विसरलास का? माझ्या स्वयंपाकघरात, हातात पोळी धरून, शेवट गोड कर म्हणून कोण रडलं होतं? लहानपणीच गेलेला बाप आठवत नसतानाही त्याच्या फोटोला रोज हार घालणारे आकांक्षाचे वडील ओमप्रकाशराव पुस्तकावर खूश होतील अन् मुलगी देतील, हा बेत तुझा. मी ऐकलं, ही चूक माझी. गोड शेवट वाचकांनाही आवडतो, हे मला ठाऊक होतं.

दुसरी आवृत्ती निघते आहे. खरा शेवट लिहून तयार आहे. पण आजीची परवानगी हवी, आणि ती तूच मागायची, तिच्या मुलासमोर. मुलगी हातची जाईल. जाशील?

जेवत जा. माया आहे तशीच आहे.

माधवीआत्या

अकोला, १६ जून

ती. आत्यास शि. सा. न.

गेलो. ओमप्रकाशकाका फोटोखालीच बसले होते. सगळं बोलून टाकलं. शेवट मीच बदलायले लावला, हेही. काका भडकले. बापाची बदनामी करतं म्हणे, पुन्हा दिसला तर तंगडं तोडीन. आजी मात्र म्हणाली, लिहा, पण मी जित्ती हाये तवरच लिहा. आकांक्षानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

तुझ्यावरचा राग गेला. लोभ आटू देऊ नको.

नितेश

ता. क. मी चपला घालत होतो, तेव्हा आजीनं काकाले समोर बसवून पहिल्यापासून सांगायले घेतलं. ते उठून जायले निघाले होते. आकांक्षानं त्यांचा हात धरून ठेवला. अंगणात शेजारी गोळा झाले होते. मी बाहेर आलो आणि मागं दार ओढून घेतलं.