चाळीस पावलांचा तक्ता

१२ डिसेंबर
निवडणुकीपुरती ठाण्यात जमा केलेली बाराबोअर बंदूक आज घरी आणली. घरात पुन्हा दोघं झालो. गीताबाई दिवाळीत आठ दिवसांसाठी म्हणून मुलाकडे, प्रविणकडे, अंबाजोगाईला गेली, ती तिकडेच आहे. बायकोला रानडुकरांची भीती वाटते. तसं म्हणाली नाही, पण दुसरं कारण काय असणार?
संकल्प: येळवसेच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या रानातल्या जेवणाच्या, आत काडतुसांचा पूर्ण अभ्यास. डुकरं बंद, गीताबाई परत.

१५ डिसेंबर, सकाळ
पडलेल्या उमेदवाराचा फ्लेक्स उलटा करून बांधावर टांगला. दहा पावलांवरून सगळे छर्रे भाकरीएवढ्या जागेत. वीस पावलांवरून परातीएवढे. उत्तम. खांदा सुजला. शेकायला कोणी नाही, म्हणून दोन दिवस विश्रांती.

१८ डिसेंबर
चाळीस पावलांवर तेराच छर्रे लागले. मधल्या फटीतून अख्खं डुक्कर सुखरूप जाईल. निष्कर्ष: डुकराने वीस पावलांच्या आत यावं.
शेजारचा धुळाजी हल्ली चहाला येत नाही. वरच्या पांदीच्या लांबच्या वाटेने जातो. हाक मारली तर तिथूनच ओरडला, "तुमचं संपलं की सांगा मालक, मला लेकरंबाळं हायती." माणसाला शास्त्राची आवड नाही.

२३ डिसेंबर
डुक्कर आलं. बरोबर वीस पावलं. चष्मा घरी राहिला होता. ज्वारीची चार ताटं आडवी झाली. ती डुकराने खाल्ली.

२६ डिसेंबर
गीताबाईला फोनवर तक्ता वाचून दाखवला, दहा ते चाळीस. तिने सगळा ऐकला. मग विचारलं, "जेवता का येळेवर?" विषय सोडून बोलायची सवय जुनीच. पण येळवसेला सगळ्यांना घेऊन येते म्हणाली, जमलं तर राहते म्हणाली. तक्त्याचा परिणाम!

३० डिसेंबर, येळवस, दुपार
जेवणासाठी कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभारली, सतरंजी अंथरली. साडेबाराला जीप पांदीला लागली. अंतर तीनशे पावलं. पुढच्या सीटवर गीताबाई. एवढा आनंद झाला की सलामीचे दोन बार हवेत काढले.
जीप थांबली. मागे फिरली.
फोन आला. मागे नात सायली रडत होती. मी गीताबाईला समजावलं, हे छर्रे तीनशे पावलं पोचतच नाहीत, धोका शून्य. ती म्हणाली, "छर्‍याचं मला ठावं न्हाई. आमी बजरंगभावजींच्या रानात जेवायलोत. बंदूक घरी ठिवून या तुमी."
तक्ता पुन्हा तपासला. माझी चूक कुठेच नाही.

संध्याकाळी सहा
बार काढल्यावर बंदूक साफ न करता ठेवत नाहीत. नळी साफ केली, तेल दिलं, मग भावाच्या रानात गेलो. बजरंग एकटाच भांडी गोळा करत होता. म्हणाला, "वैनी लई येळ वाटंकडं बघत व्हत्या. बॅग घिऊन आल्त्या, र्‍हायच्या तयारीनं. आत्ताच गेल्या."
झाकून ठेवलेली भज्जी, ती येळवसेची मिसळीची भाजी, उभ्यानेच खाल्ली. फार एकटं वाटतंय. हे तिला दुपारी फोनवर सांगायला हवं होतं. मी छर्‍यांचं सांगत बसलो.