सृष्टीला हाळी द्यायची नाही

सुपे,
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

प्रिय सृष्टी,

सलाम, नमस्कार, जे लागू पडेल ते. आम्ही सगळे खुशाल. तुझ्या मामीचे गुडघे कसे आहेत? इकडे सकाळी हुडहुडी आणि दुपारी घाम, त्यामुळे अब्बांचा खोकला काही हटत नाही.

आता म्हणशील, ही बया मोबाइल सोडून पत्र का लिहायला लागली. तर बाईसाहेब, तुमचा फोन कालपासून लावतेय, बंद आहे. मामीला लावला तर ती दर वेळी म्हणते, झोपलीय. इतकं कुणी झोपत नाही. उद्या शहबाज आमची गाडी घेऊन अंथुर्ण्यात, तुझ्या मामीच्या गावी, पेंड टाकायला येतोय. माझ्या भावाला मी बजावलंय, पत्र तिच्याच हातात द्यायचं आणि ती वाचेपर्यंत दारातून हलायचं नाही. त्याला चहा दे.

तुझी अदलाबदल झाल्यापासून आमच्या दुकानात पेंडीपेक्षा वादच जास्त खपतो. बास्केटबॉलची लीग अर्ध्यावर आली असताना बारामतीच्या क्लबनं आपली सगळ्यात चपळ पोरगी इंदापूरला द्यावी आणि बदल्यात ती उंच स्वराली आणावी, हे इथं कुणाच्याच घशाखाली उतरत नाही. हिंदुराव ठेकेदार सोडून. त्यांचं एकच, 'बास्केटखाली आपल्याकं उंच कोण व्हतं? पळणाऱ्या चार हायत. एक दिली तर काय आभाळ कोसळलं?' त्यावर अब्बा म्हणतात, 'अर्धी पेरणी झाल्यावर बैल बदलतंय का कोण?' परवा अमेरिकेतल्या कुठल्या मोठ्या खेळाडूला असंच हंगामाच्या मधेच देऊन टाकलं, तर हिंदुराव असे खूश, जसं काही यांनाच विचारून केलं. दुकानभर मोबाइल दाखवत फिरले. अब्बांनी त्यांना चहा दिला नाही.

माझं म्हणशील तर माझं कशातच लक्ष नाही. काल एकानं गाईची पेंड मागितली, मी कोंबडीचं खाद्य बांधून दिलं. तो बिचारा मोरगावहून परत आला.

आणि स्वराली वाईट नाही, हे तुला सांगायला हवं. शनिवारी रिंगला आपटून परतलेला बॉल तिनं दोघींच्या डोक्यावरून असा काढला, असा रिबाउंड घेतला की मी उभी राहून ओरडले. मग आठवलं, आणि गपकन खाली बसले. मॅच संपल्यावर तीच माझ्याकडं आली. तिच्या इंदापूरच्या मैत्रिणींनी तिला जे सांगितलं ते तिनं मला सांगितलं. तू सरावाला जात नाहीस. येत्या रविवारी बारामतीच्या कोर्टवर आमच्याविरुद्ध उतरणार नाहीस, आणि नंतर खेळच सोडणार आहेस, असं तू कोचना सांगून बसलीयस. म्हणालीस म्हणे, घरच्यांनीच टाकलं तर खेळू कुणासाठी.

घरच्यांनी टाकलं. शनिवारपासून मी हेच घोकत इकडून तिकडं फिरतेय.

तर ऐक. तुझ्या तात्यांनी मला गप्प बसायला सांगितलं होतं, पण शपथ घातली नव्हती, तेवढी फट मला पुरे. दुकानात हिंदुरावांच्या बाजूनं बोलणारा दुसरा माणूस म्हणजे हेच तात्या, तुझे आजोबा. पहिल्या दिवशी सगळे त्यांच्याकडं बघतच राहिले. तात्या म्हणाले, 'बदलायचा तर चांगलाच मेंढा बदलायचा. लंगडा कोण घेईल? तितं ती कळप उभा करील.' त्यांना याच भाषेत कळतं, तुला माहीतच आहे. तुमची मेंढरं होती तेव्हा त्यांची रीत काय होती, आठव. दुसऱ्याच्या कळपात मेंढा दिला की हंगाम सरेपर्यंत त्या वाटेला जायचं नाही आणि हाळी तर द्यायचीच नाही. ओळखीचा आवाज ऐकला की मेंढा जाळी तोडून माघारी येतो.

सृष्टी, त्यांनी तुझ्याशी तीच रीत पाळली. तुझ्या आईला फोन करू दिला नाही. मला म्हणाले, 'शमे, तू बी हाळी देऊ नगंस.' आणि मी शहाणी, मुंडी हलवून मोकळी झाले. तुझे फोन आले ते मी नुसते बघत राहिले. कुणी तुला टाकलं नाही गं. एका मेंढपाळाचं ऐकून आम्ही सगळे येड्यासारखे गप्प बसलो.

काल मी त्यांना सरळ म्हटलं, 'तात्या, सृष्टी मेंढा न्हाय.'

'व्हय, म्हायती हाय मला,' ते म्हणाले. तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, 'पर माझा आवाज ऐकला तर ऱ्हाईल का ती तितं? पयल्या यष्टीनं येईल. आन एकदा दारात उभी ऱ्हायली, तर तिला माघारी धाडणं माझ्यानं हुईल का? न्हाय व्हायचं, शमे.'

तेव्हा मी तू खेळ सोडणार असल्याचं सांगितलं. ते उठले, बसले, पुन्हा उठले. 'तिला वाटलं मी टाकली?' एवढंच विचारत राहिले. आणि रडले. दुकानात, गिऱ्हाइकासमोर. हिंदुरावांनी त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं. मग तात्या म्हणाले, लाव फोन. तुझा बंद. त्यातली ती बाई काय सांगते ते त्यांनी मला पुन्हा पुन्हा लावायला लावून ऐकलं.

आता माझं. इतकं लिहिलं, पण जे लिहायला बसले ते अजून लिहिलंच नाही. मला तू इथं हवी आहेस. मॅचला जाताना गाडीवर माझ्यामागं बसून कानात बडबड करणारी तू नाहीस, तर रस्ता सरत नाही. रोज वाटतं, तुला लिहावं, सोड सगळं आणि ये. आणि तू आलीस तर मी नाचेन, हेही खरं. म्हणून सांगते, अशी येऊ नकोस. हंगाम पुरा कर, मग ये. हरून आलीस तरी चालेल, सोडून नको.

रविवारी आम्ही गाडी भरून बारामतीला येतोय. अब्बा, मी, तुझी आई आणि तात्या. बसणार मात्र आमच्याच टीमच्या बाजूला, ते तात्यांनीच ठरवलंय. मी विचारलं, सृष्टी बॉल घेऊन आली तर काय ओरडणार? त्यांनी याचा सगळा विचार करून ठेवला होता. म्हणाले, 'गुमान बसलो तर तिला वाटंल परत टाकली. ये म्हनलं तर ती येईल. मग मी म्हननार, अडवा तिला. माझा आवाज तर ऐकंल.'

त्यांचं वय झालंय, पण घसा अजून रानातला आहे. तुला नक्की ऐकू येईल. फक्त अडू नकोस.

तुझी,
रविवारी समोरच्या बाजूला बसलेली,
शमा