योगिताचे धुतलेले बूट

ती. आईस,

भेस्तानहून रंजनाचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, आधी हे वाच. तुझा गुडघा कसा आहे?

काल योगिताची बॅलेची स्पर्धा झाली. पायाच्या बोटांवर उभं राहून नाचतात तो नाच. देशोदेशीच्या मुलींपुढे मळके बूट नकोत, म्हणून मी ते साबणात भिजवून घासले.

आई, त्यांच्या टोकाला खळ लावलेलं कडक कापड असतं गं! सगळी खळ निघून गेली, टोकं मऊ पडली. जन्म लूमवर कापड विणण्यात काढला, तरी माझ्या लक्षात आलं नाही.

पोरीला घालतानाच कळलं. तरी तशीच नाचली. नंतर बूट काढले, तर बोटं रक्ताने भरलेली.

मला रडताना पाहून म्हणाली, "मम्मी, सगळ्यात स्वच्छ बूट माझेच होते."

तुझी,
रंजना