हलणारा दात आणि सनई

डिचोली, सोमवार संध्याकाळ

महिनाभर मी सनईच्या, ओठांत धरायच्या पत्तीला दोष देत होतो. सूर हलतो म्हणून पत्त्या तासून तासून फेकल्या. बायको म्हणालीही होती, "पत्तीक कित्याक दोस दितात? दात हालता तुमचो." गुरूशिवाय शिकलेला मी, तिचं कशाला ऐकतो!

आज साखळी गावातल्या दातांच्या डॉक्टरणीने माझा रक्ताचा रिपोर्ट पाहिला. उपाशीपोटी साखर ठीक. तेवढ्यावरच मी मिरवत होतो. ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी मात्र चढलेली.

"मामा, मधुमेह नाही अजून, पण त्याच वाटेवर आहात. त्याने हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या सुजल्या की साखर आणखी चढते. समोरचा दात काढावा लागेल."

"देवळाच्या जत्रेत वाजवायचं आहे, ती झाल्यावर काढा."

"तोवर शेजारचाही हलेल."

समोरचा दात. वाजवताना ओठाला आधार देतो, नेमका तोच.

घरी येऊन हलणाऱ्या दातावर ओठ घट्ट दाबून सनई धरली. षड्ज सरळ लागला, जराही हलला नाही. आतून बायको म्हणाली, "आज बरो लागलो."

पत्ती पुसली, तर फडक्यावर रक्त.

यंदा जत्रेला दुसरा वाजवणारा बघा, हे उद्या देवळात मलाच सांगायला हवं. पण बायकोला कोण सांगणार?