नावं ठेवाले ये

अकोल्याच्या वच्छीले,

काल तू येणार म्हणून मी कढईत नानकटाई भाजली. किमो चालू झाल्यापासून माह्या जिभेले चवच नाही. तू तीन खाल्ल्या अन् म्हणली, ‘लय मस्त झाली वं!’ तू गेल्यावर पोरीनं एक तोंडात टाकली अन् थुंकली. साखरेच्या जागी मीठ पडलं होतं.

तीस वर्स झाले, माह्या हातच्या खाण्याले तू तोंडावर नावं ठेवत आली. मंग कालच कावून नाही ठेवली? मी एवढी आजारी दिसून राहिली का वं?

हे पत्र तुले धाडत नाही, तू रडशीन. पुढच्या दिवाळीले मात्र ये, अन् पयल्याच घासाले म्हण, ‘हे काय करून ठेवलं वं!’

मंग मले समजन, मी बरी झाली.

बडनेऱ्याची तुही,
रुख्मी